दुसऱ्या स्क्रीनला वाली नाही

नवं विंडोज टाकून घेतल्यावर टास्कबारची तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की बदलापूर असो, अंबरनाथ असो की उल्हासनगर, त्याला एकच उत्तर मिळतं : "सवय होईल, काका." बाई असेल तर "सवय होईल, ताई." मला या उत्तराची चीड येते. सवय अडचणीचीसुद्धा होते. गळक्या नळाची होते, उशिरा येणाऱ्या लोकलची होते. म्हणून काय नळ गळू द्यायचा? राबणाऱ्या माणसाचं हत्यार काढून घ्यायचं, बोथट करून परत त्याच्या हातात द्यायचं आणि वर त्यालाच शहाणपण शिकवायचं, हा शुद्ध उर्मटपणा आहे. तो अमेरिकेत बसून केला काय आणि स्टेशनजवळच्या गाळ्यात बसून केला काय, फरक पडत नाही.

मी बेलवलीत राहतो आणि पुस्तकांची पानं लावतो. डीटीपी. बदलापूर पश्चिमेला, मांजर्ली-बेलवलीच्या बाजूला, हे काम घरून करणारे बरेच आहेत. कुणी पूर्वी दादरच्या छापखान्यात होतं, कुणी गिरगावात, कुणी वर्तमानपत्राच्या पान लावणाऱ्या विभागात. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. सकाळी लोंबकळत जायचं आणि रात्री लोंबकळत यायचं, त्यापेक्षा घरच्या टेबलावर एक मॉनिटर जास्तीचा ठेवला तर काम इथेच होतं, हे लॉकडाऊनने सगळ्यांना दाखवलं. मग लॅमिंग्टन रोडवरून, उल्हासनगरातून जुने मॉनिटर आले. एकावर लेखकाची वर्डची फाइल आणि प्रूफ, दुसऱ्यावर पान. शेजारच्या इमारतीतल्या अकाउंटंटचंही तेच : एकावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल, कारण 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी कुणासाठी थांबत नाही. दोन मॉनिटर आमच्याकडे चैन म्हणून आलेले नाहीत. त्यावर घर चालतं.

या दोन मॉनिटरांमधला दुवा म्हणजे टास्कबार. कुठली फाइल कुठे उघडी आहे, कुठली मागे दबली आहे, काय छापायला गेलं, किती वाजले, हे सगळं त्या एका पट्टीवर कळतं. 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आलं, तेव्हा ही पट्टी आली. पहिल्यापासून ती खाली, वर, डावीकडे, उजवीकडे, हवी तिथे नेता यायची. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हा ती प्रत्येक मॉनिटरवर दिसायला लागली. त्याआधी दुसऱ्या मॉनिटरवर पट्टी हवी असेल तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. विंडोज 10 मध्ये घड्याळही सगळ्या मॉनिटरांवर आलं. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांच्या मागण्यांतून, वर्षानुवर्षं घासूनपुसून ही वस्तू कामाची झाली होती.

मग 5 ऑक्टोबर 2021 ला विंडोज 11 बाजारात आलं आणि ही वस्तू मोडून टाकली गेली. बिघाड होऊन मोडली असती तर समजून घेतलं असतं. ही ठरवून मोडली. टास्कबार फक्त खालच्याच कडेला राहील, हे कंपनीने स्वतःच्या काढून टाकलेल्या सोयींच्या यादीत लेखी दिलं. दुसऱ्या मॉनिटरवरचं घड्याळ गेलं. प्रत्येक फाइलचं नाव वेगळं दाखवण्याची सोय गेली. पट्टी बारीक करण्याची सोय गेली. पट्टीवर उजवं बटण दाबल्यावर टास्क मॅनेजर मिळायचा, ती ओळही सुरुवातीला गायब होती. आणि फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोय गेली.

या शेवटच्या गोष्टीवर मी थोडा थांबतो, कारण ज्याने पान लावलेलं नाही त्याला ती क्षुल्लक वाटेल. डाव्या मॉनिटरवर फोटोंचा फोल्डर उघडा आहे. कोरलड्रॉमधलं पान इतर खिडक्यांच्या मागे गेलेलं आहे. फोटो माउसने धरायचा, टास्कबारवरच्या कोरलच्या चिन्हावर आणायचा, बटण न सोडता क्षणभर थांबायचं. पान आपोआप वर येतं. फोटो तसाच पुढे न्यायचा आणि जागेवर सोडायचा. हात एकदाही उचलावा लागत नाही. लग्नपत्रिका करणारा, दिवाळी अंक लावणारा, शाळेचं वार्षिक करणारा प्रत्येक ऑपरेटर हे दिवसभर करत असतो. विंडोज 11 मध्ये चिन्हावर फोटो नेला की मनाईची गोल खूण यायची. सप्टेंबर 2022 मध्ये मोठं अपडेट आलं तेव्हा ही सोय परत मिळाली. जवळजवळ एक वर्ष ज्यांनी अपग्रेड केलं त्या सगळ्यांनी आधी खिडक्या सरकवायच्या, दोन्ही शेजारी मांडायच्या आणि मग फोटो ओढायचा, असं केलं. त्या वर्षभरातल्या वाया गेलेल्या वेळेचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

तारखाही बघा. 2021 ची दिवाळी 4 नोव्हेंबरला होती. म्हणजे दिवाळी अंकांची पानं शेवटच्या घाईत होती त्या महिन्यात हे नवं विंडोज आलं. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हाही दिवाळी आठवड्यावर आली होती. अमेरिकेतल्या कंपनीने मराठी दिवाळी अंकांचं पंचांग बघावं असं माझं म्हणणं नाही. पण आमच्याकडे सल्ला देत फिरणारे, "आता टाकूनच घ्या" म्हणून मागे लागणारे तर इथलेच होते ना? त्यांना ऑक्टोबर म्हणजे काय हे माहीत नव्हतं?

फाइलच्या नावांचंही सांगतो. वर्डच्या सात-आठ फाइली उघड्या असतात. विंडोज 10 मध्ये सेटिंग केलं की प्रत्येकीचं नाव पट्टीवर वेगळं दिसायचं, नजर टाकली की कळायचं. विंडोज 11 ने सगळ्या एकाच चिन्हाखाली कोंबल्या. चिन्हावर माउस न्यायचा, इवलीशी चित्रं वर यायची वाट बघायची, सगळ्या चित्रांत पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, आणि त्यातलं तिसरं प्रकरण कुठलं ते अंदाजाने ओळखायचं. टॅलीसोबत चार एक्सेल उघडून बसणाऱ्यालाही तीच शिक्षा. ही सोय परत यायला 2023 चा शरद ऋतू उजाडला. दोन वर्षं! दुसऱ्या मॉनिटरवरचं घड्याळ फेब्रुवारी 2022 मध्ये आलं, पण त्यावर क्लिक केल्यावर कॅलेंडर उघडायला 2025 साल लागलं. आणि पट्टी कडेला नेणं? पहिली चार वर्षं तरी नाहीच. सुरुवातीला रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती वर तरी नेता यायची. 2022 च्या अपडेटनंतर तेही चालेनासं झालं.

पट्टी कडेला कशाला हवी, असं मला दुकानदारांनी विचारलेलं आहे. कारण पान उभं असतं आणि मॉनिटर आडवा. 1920 बाय 1080 च्या मॉनिटरवर रुंदी उदंड, उंचीची मारामार. विंडोज 10 ची पट्टी 40 पिक्सेल होती, बारीक केली तर 30. अकराची झाली 48. त्यावर प्रोग्रामच्या मेन्यूच्या पट्ट्या, खाली त्याचीच माहितीची पट्टी. उरलेल्या जागेत उभं पान बसवायचं म्हणजे ते लहान करायचं, आणि पान लहान केलं की रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून दिसायला लागतात. "वर्ष" आहे की "वंष" टाइप झालंय, हे प्रूफ वाचणाऱ्याला स्क्रीनवर कळत नाही. मग पुन्हा मोठं करा, खाली-वर सरकवा. पट्टी डावीकडे टाकली की तिने खाल्लेली सगळी उंची परत मिळते. रोमन लिपीत वर-खाली इतकं काही घडत नाही. देवनागरीत घडतं. म्हणून उंचीचा एकेक पिक्सेल आम्हाला मोलाचा आहे.

आता कंपनीची बाजू, आणि ती मी सरळ मांडतो. एप्रिल 2022 मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्याने जाहीर प्रश्नोत्तरांत सांगितलं की नवा टास्कबार मुळापासून नव्याने लिहिला आहे, तो कडेला न्यायचा तर सगळ्या प्रोग्रामांची मांडणी नव्याने बसवण्याचं प्रचंड काम पडेल, आणि ही सोय मागणारे लोक इतर मागण्यांच्या तुलनेत थोडे आहेत. नव्याने लिहिण्याला माझी हरकत नाही. 1995 पासून साचत आलेला कोड कधीतरी साफ करावाच लागतो. पण इमारत पुनर्विकासाला दिली, तर जुन्या घरात जे नळ होते ते नव्या घरात असल्याशिवाय त्याचा ताबा कुणी घेत नाही. इथे अर्धवट घराचा ताबा दिला आणि जुनं घर पाडण्याची तारीखही जाहीर केली.

शिवाय या नव्या विंडोजमध्ये बरंच काम आलं ते विंडोज 10एक्समधून. 10एक्स हे 2019 मध्ये जाहीर झालं होतं, ते कशासाठी? दोन स्क्रीनच्या यंत्रांसाठी. ती यंत्रं बाजारात आलीच नाहीत, मे 2021 मध्ये 10एक्स बाजूला ठेवल्याचं जाहीर झालं, आणि त्यातलं काम अकरामध्ये वळवलं गेलं. दोन स्क्रीनचा विचार करून सुरू झालेल्या कामाच्या वारसात दुसऱ्या स्क्रीनवर साधं घड्याळ नसावं, याला काय म्हणायचं? मी याला बेपर्वाई म्हणतो. बाहेर येण्याआधी महिनोन्‌महिने चाचणी करणाऱ्या अनेकांनी हेच कळवलं होतं. ऐकलं नाही.

आणि ते "थोडे लोक". माझा सगळा राग या हिशेबावर आहे. डोकी मोजली तर दोन मॉनिटरवाले थोडेच भरणार. तास मोजा. घरी रात्री सिनेमा बघायला कॉम्प्युटर उघडणारा एक, आणि सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत त्याच्यासमोर बसून पोट भरणारा एक, हे तुमच्या आकड्यात सारखे कसे? पहिल्याला पट्टी कुठेही असली तरी चालते. दुसऱ्याच्या हाताखालून ती दिवसभरात असंख्य वेळा जाते. ज्याचं सगळ्यात जास्त अडतं त्याची मागणी सगळ्यात शेवटी, कारण तो संख्येने कमी! हाच हिशेब पुढे नेला तर मराठीत टाइप करणारेही थोडेच आहेत. विंडोजमध्ये देवनागरी नीट उमटायला विंडोज 2000 पर्यंत वाट पाहावी लागली. तोवर श्रीलिपी, आकृती यांसारख्यांच्या फॉन्टांवर आणि पेजमेकरवर आमचा धंदा तगला. "थोडे लोक" म्हणून आम्हाला तेव्हाही रांगेत मागे ठेवलं होतं. म्हणून हा शब्दप्रयोग ऐकला की माझे कान उभे राहतात. आज तो टास्कबारच्या बाबतीत चालवून घेतला तर उद्या तो फॉन्टच्या बाबतीत येईल, कीबोर्डच्या बाबतीत येईल.

कीबोर्डच्या बाबतीत तर तो आलेलाच आहे. टाइप करणारा माणूस सतत मराठी आणि इंग्रजी यांत ये-जा करतो. सध्या कुठली भाषा चालू आहे हे दाखवणारी खूण टास्कबारच्या उजव्या टोकाला असते, पण फक्त मुख्य मॉनिटरवर. दुसऱ्या मॉनिटरच्या पट्टीवर तो कोपराच नाही. डोळे दुसऱ्या मॉनिटरवर, खूण पहिल्यावर. ओळभर टाइप झाल्यावर कळतं की सगळं रोमन अक्षरांत गेलं. हे अकरानेच बिघडवलं असं मी म्हणणार नाही, दहातही तो कोपरा दुसऱ्या मॉनिटरवर नव्हता. ही जुनी उपेक्षा आहे. एकाच भाषेत टाइप करणाऱ्याला तिची गरजच पडत नाही आणि पट्टी ठरवणारे बहुतेक तसलेच असावेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषेची छोटी पट्टी सुटी करून दुसऱ्या मॉनिटरवर ठेवता येते, तसं बरेच जण ठेवतात. पण हे कुठल्या दुकानदाराने कुणाला सांगितलंय? एमएस-सीआयटीच्या वर्गात गावोगावची पोरं विंडोज शिकली, त्यांना तरी कुणी हे दाखवलं?

बरं, या कंपनीला दोन मॉनिटरचं काम जमत नाही असंही नाही. आमच्याकडे वीज जाते. पावसाळ्यात तर उल्हास नदी फुगायला लागली की आधी दिवेच जातात. कॉम्प्युटर आणि पहिला मॉनिटर यूपीएसवर असतो, दुसरा नसतो. डिस्प्लेपोर्टच्या वायरीने जोडलेला मॉनिटर बंद पडला की कॉम्प्युटर समजतो, तो काढूनच नेला. मग त्यावरच्या सगळ्या खिडक्या पहिल्या मॉनिटरवर येऊन एकमेकींवर पडायच्या आणि वीज आली तरी तिथेच राहायच्या. अकरामध्ये खिडक्या आपापली जागा लक्षात ठेवतात आणि मॉनिटर परत आला की परत जातात. चांगलं केलं. मनापासून सांगतो, चांगलं केलं. म्हणजे मनात आणलं तर येतं. टास्कबारच्या बाबतीत मनात आणलं नाही.

मग लोकांनी आपापले उपाय शोधले. एक्सप्लोररपॅचर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, एका प्रोग्रामरने सुरू केलेलं. त्याने 2021 मध्येच जुना टास्कबार अकरावर परत आणून दाखवला. स्टार्टऑलबॅक आलं, थोडे पैसे घेऊन तेच काम करणारं. जे एकट्यादुकट्या माणसाला जमलं ते एवढ्या मोठ्या कंपनीला चार वर्षं जड गेलं. वर एप्रिल 2024 मध्ये अकराच्या पुढच्या आवृत्तीच्या चाचणीत ही दोन्ही सॉफ्टवेअरं धोकादायक ठरवून अडवली गेली. यंत्र नीट चालावं म्हणून काही गोष्टी अडवाव्या लागतात, हे कबूल. पण ज्या सोयीसाठी लोक तिकडे गेले ती सोय आधी द्यायची आणि मग दार लावायचं. उलटं का?

"फुकट तर मिळालंय, मग बोंब कशाला?" असं म्हणणारेही आहेत. फुकट काहीही नाही. मशीन घेतानाच विंडोजचे पैसे किमतीत मोजलेले असतात. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे अकराला चालत नाहीत, टीपीएम 2.0 हवं, म्हणजे अनेकांनी या अपग्रेडसाठी अख्खं चांगलं चालणारं मशीन बदललं. ज्यांना घरगुती मशीनवर दहाच ठेवायचं त्यांना सुरक्षेची अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच, तीही 30 डॉलर मोजून, नाहीतर कंपनीच्या खात्यात शिरून आपली सेटिंग तिच्याकडे ठेवायला देऊन. हा सौदा आहे. सौद्यात गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क असतो.

आणि विचारणारे आपल्याकडे आहेत. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते. वाण्याच्या वजनापासून बिल्डरच्या करारापर्यंत ग्राहकाची बाजू या महाराष्ट्रात धसाला लागलेली आहे. पण सॉफ्टवेअर म्हटलं की आपण सगळे मुकाट. विकलेल्या वस्तूतली सोय नंतर काढून घेतली तर फ्रिजवाल्याला आपण सोडू का? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. अपग्रेडमध्ये काढून घेतलेली सोय ही त्रुटी ठरते की नाही, हा प्रश्न ग्राहक चळवळीने एकदा हातात घ्यावाच. एखाद्या बेलवलीच्या डीटीपीवाल्याच्या पत्राने काही होणार नाही. पण सरकारी कार्यालयं, बँका, विद्यापीठं हजारोंनी परवाने घेतात. खरेदीच्या अटींत एक ओळ घाला : आधीच्या आवृत्तीत असलेली कुठलीही कामाची सोय नव्या आवृत्तीत असल्याशिवाय जुनीचा पाठिंबा बंद करता येणार नाही. एवढी मोठी खरेदी करणाऱ्याला ही अट घालण्याची ताकद असते. वापरत नाहीत, हे त्यांचं अपयश आहे.

दुकानदारांशीही माझं भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही. माझं मशीन साफसफाईला दिलं होतं. परत आलं ते अकरा टाकूनच. न विचारता. कडेची पट्टी खाली आलेली, दुसऱ्या मॉनिटरची सेटिंग पुसलेली, आणि काउंटरवरच्या पोराने वर सांगितलं, "लेटेस्ट टाकून दिलंय काका, फ्री." ही फुकटची सेवा नव्हे, दुसऱ्याच्या धंद्यात केलेली ढवळाढवळ आहे. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण असं एकच दुकान नाही.

अपग्रेडचं बटण दाबण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा : मॉनिटर किती आहेत? काम काय करता? टास्कबार कुठे ठेवता? मराठी कशात टाइप करता, इनस्क्रिप्टमध्ये की जुन्या फॉन्टांत? पेजमेकर अजून वापरता का? मग त्याला सांगा, यातलं काय जाणार आहे आणि काय राहणार आहे. अपग्रेड केल्यावर सेटिंगमध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स इथे जाऊन सगळ्या मॉनिटरांवर पट्टी चालू करा, दुसऱ्या मॉनिटरवर तिथल्याच खिडक्या दिसतील असं ठेवा, नावं वेगळी दाखवण्याचा पर्याय दोन्ही पट्ट्यांसाठी निवडा, कारण तो दुसऱ्या मॉनिटरसाठी वेगळा द्यावा लागतो आणि तो सगळे विसरतात. भाषेची पट्टी सुटी करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. त्याचे पैसे घ्या, खुशाल घ्या. आणि गिऱ्हाईक "नको" म्हणालं, तर त्याचं मशीन जसं होतं तसं परत द्या.